श्रीशंकरचरणी अर्पिलेले राज्य : पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर

काशी, सोमनाथ, गया, वेरूळ यांपैकी कोणत्याही तीर्थी गेलेल्या भाविकाच्या कानी ज्यांचे नाव पडतेच, त्या पुण्यश्लोक अहिल्यादेवींचा जन्म दि. ३१ मे १७२५ रोजी चौंडी (जि. अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर) येथे झाला. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. सुभेदार मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी विवाह होऊन त्या माळव्यातील बलाढ्य घराण्याच्या सून झाल्या.

सन १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव तोफेच्या गोळ्याने पडले. सती जाण्यास निघालेल्या सुनेस मल्हाररावांनी परावृत्त करून कारभारात घातले. १७६१ साली पानिपतावर मराठी सत्ता हादरली. १७६६ मध्ये मल्हाररावांनी देह ठेवला आणि पुढच्याच वर्षी एकुलते पुत्र मालेराव निवर्तले. तेरा वर्षांत पती, सासरे आणि पुत्र गेले. दौलत निर्नायकी झालेली पाहून रघुनाथराव पेशवे सैन्यासह क्षिप्रातीरी येऊन ठाकले. देवींनी लढाईची सिद्धता केली. स्त्रीशी लढून जय मिळाला तरी कीर्ती नाही आणि पराभव झाला तर तोंड दाखविण्यास जागा उरणार नाही, असे त्यांनी कळविल्याचे सांगतात. रघुनाथराव सांत्वनास आलो म्हणून निभावून गेले.

देवींनी नर्मदातीरी महेश्वर येथे राजधानी केली. राज्याचे धनी श्रीशंकर, आपण केवळ त्यांच्या आज्ञेने कारभार पाहणारे, अशी त्यांची धारणा होती. म्हणूनच त्यांच्या आज्ञापत्रांवर स्वतःच्या नावाऐवजी ‘श्रीशंकर’ अशी अक्षरे असत. ही केवळ भाविकता नव्हती, त्यामागे हिशेबाची शिस्तही होती. दौलतीचा पैसा राज्यासाठी. मंदिरे, घाट, धर्मशाळा व अन्नछत्रे यांचा खर्च मुख्यतः होळकरांच्या खासगीतून. काशी विश्वेश्वराचे मंदिर (१७८०), सोमनाथाचे मंदिर (१७८३), गयेचे विष्णुपद मंदिर (१७८७) ही कार्ये त्यांच्याच काळातील. यांतील बहुतेक क्षेत्रे होळकरांच्या मुलखाबाहेरची होती, हे विशेष.

दैवाने मात्र सवलत दिली नाही. नातू अल्पवयात गेला. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले आणि कन्या मुक्ताबाई, आईने परोपरीने विनविले तरी, सती गेल्या. ज्या मातेला सासऱ्यांनी चितेपासून परत आणले होते, तिला आपली लेक परत आणता आली नाही. तरीही राज्यकारभार व शिवपूजा यांत देवींनी खंड पडू दिला नाही.

दि. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे देवी शिवचरणी लीन झाल्या. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि होळकरांना मंदसोरचा तह करून इंग्रजांचे वर्चस्व मान्य करावे लागले. काशीच्या शिखरास सुवर्ण अर्पण करणारे महाराजा रणजितसिंह यांचे राज्य १८४९ मध्ये लयास गेले; १८५८ नंतर कंपनी सरकारही उरले नाही. १९४८ मध्ये होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. काशीत देवींनी बांधविलेल्या गाभाऱ्यात विश्वेश्वराची नित्यपूजा चालू आहे. महेश्वरी त्यांनी घालून दिलेल्या प्रथेनुसार मृत्तिकेची शिवलिंगे घडवून पूजिली जातात आणि नर्मदेत विसर्जित होतात.