दोन्ही हात वर करून विमान उडवणारा लॉरेन्स स्पेरी: ऑटोपायलटची गोष्ट

गेम खेळताना फोन जरा तिरका केला की स्क्रीनवरची गाडी वळते. ३६० अंशांच्या व्हिडिओत फोन फिरवला की दृश्यही फिरतं. फोन किती आणि कुठे वळला हे ओळखणाऱ्या सेन्सरचं नाव जायरोस्कोप. विमानाला स्वतःचा तोल सांभाळायला शिकवलं तेही जायरोस्कोपनेच, आणि ते करून दाखवलं २१ वर्षांच्या एका मुलाने. त्याचं नाव लॉरेन्स स्पेरी.

घरात बांधलेलं विमान

लॉरेन्सचा जन्म १८९२ सालचा, शिकागोचा. वडील एल्मर स्पेरी म्हणजे जहाजांसाठी जायरोकंपास बनवणारे नावाजलेले संशोधक. कुटुंब न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये राहायला गेलं. तिथे आई-वडील बाहेरगावी असताना या पठ्ठ्याने चक्क राहत्या घरात ग्लायडर बांधायला घेतलं. ते तयार झालं, पण दारातून बाहेर निघेना. शेवटी घराची खिडकी काढावी लागली! पुढे त्याने त्याला इंजिनही बसवलं. आजच्या भाषेत सांगायचं तर हा होमबिल्ट विमानवाला.

खरी अडचण काय होती?

त्या काळी विमान सरळ ठेवण्यासाठी पायलटला सतत झगडावं लागायचं. वाऱ्याचा एक झोत आला की पंख कलला. त्यातून ढगात शिरलात तर आणखी पंचाईत. बाहेर क्षितिज दिसत नसलं की आपल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा आपल्यालाच फसवते. विमान कलत असतं आणि आपल्याला वाटतं की सरळच चाललंय.

जोरात फिरणारं चाक आपली दिशा सहजासहजी सोडत नाही. भोवरा फिरतोय तोवर उभा राहतो ना, तसंच. लॉरेन्सने हाच गुण वापरला. विमान कललं तरी आतला जायरो आपल्या जागी ठाम. दोघांमधला फरक यंत्राला कळतो आणि यंत्र पंखांवरच्या आणि शेपटीच्या हलत्या फळ्या वळवून विमान परत सरळ करतं. चार जायरोंची ही पेटी सुमारे १८ किलोची होती. १९१३ मध्ये हॅमंड्सपोर्ट इथे ग्लेन कर्टिसच्या विमानांवर तिच्या चाचण्या झाल्या.

पॅरिसमधला तो दिवस

१८ जून १९१४. पॅरिसजवळ सेन नदीवर विमानसुरक्षेची स्पर्धा. लॉरेन्स कर्टिस कंपनीचं, पाण्यावर उतरणारं विमान घेऊन आला. पहिल्या फेरीत त्याने दोन्ही हात वर केले. दुसऱ्या फेरीत मेकॅनिक एमिल काशँ पंखावर चालत गेला. विमान त्या बाजूला कललं आणि आपोआप सरळ झालं. तिसऱ्या फेरीत एका पंखावर काशँ, दुसऱ्यावर खुद्द लॉरेन्स आणि पायलटची सीट रिकामी! ५० हजार फ्रँकचं बक्षीस त्यालाच मिळालं.

दीड महिन्याच्या आतच पहिलं महायुद्ध पेटलं. मग हेच तंत्र शस्त्रातही गेलं. मार्च १९१८ मध्ये लाँग आयलंडवर त्याचं पायलट नसलेलं विमान उडालं. आजच्या ड्रोनचं पूर्वजच म्हणा ना. कृत्रिम क्षितिज दाखवणाऱ्या उपकरणाचं श्रेयही त्याला दिलं जातं.

आजच्या पॅनेलवर त्याची छाप

आज अमेरिकेत हजारो लोक किट आणून स्वतः विमान बांधतात. पॅनेलवर काय लावायचं हा त्यांचा मोठा प्रश्न. डायनॉन, गार्मिन अशा कंपन्यांच्या स्क्रीन मिळतात. त्यांच्यामागे असतो चिपमधला जायरो. त्यात चाक फिरत नाही, तर सूक्ष्म भाग थरथरतात आणि विमान वळलं की ती थरथर बदलते. तुमच्या फोनमध्येही हेच तत्त्व आहे, मात्र विमानातल्या यंत्रणेची तपासणी आणि विश्वासार्हता वेगळीच.

निवडताना तीन गोष्टी पक्क्या बघायच्या:

- किती सर्व्हो? फक्त डावं-उजवं कलणं सांभाळायचं तर एक. नाक वर-खालीही सांभाळायचं तर दोन.
- माहिती कुठून येते? ऑटोपायलट मुख्य स्क्रीनच्याच सेन्सरवर चालत असेल, तर ती बंद पडली की दोन्ही गेलं. म्हणून स्वतःची बॅटरी असलेलं वेगळं छोटं क्षितिज हवंच.
- हातात ताबा येतो का? ऑटोपायलट लगेच तोडणारं बटण दांडीवरच हवं. सर्व्हो अडकला, तरी पायलटला जोर लावून त्याच्यावर मात करता आली पाहिजे.

शेवटचं उड्डाण

१९२२ मध्ये लॉरेन्सने जेमतेम सहा मीटर पंखांचं ‘मेसेंजर’ विमान थेट वॉशिंग्टनच्या संसदेसमोर उतरवलं होतं. १३ डिसेंबर १९२३ रोजी असंच एक मेसेंजर घेऊन तो धुक्यात इंग्लंडहून फ्रान्सला निघाला. तो पोहोचलाच नाही. जानेवारीत त्याचा मृतदेह इंग्लिश खाडीत सापडला. वय अवघं ३० वर्षं.

दहा वर्षांनी, १९३३ मध्ये, वायली पोस्टने स्पेरी कंपनीचा ऑटोपायलट लावून एकट्याने आठ दिवसांच्या आत पृथ्वीप्रदक्षिणा केली. लॉरेन्सचं यंत्र थकलेल्या हातांना विसावा देतं. पण या धुक्यात आज निघायचं की थांबायचं, हे १९२३ मध्येही पायलटलाच ठरवावं लागत होतं आणि आजही त्यालाच ठरवावं लागतं. पॅनेल कितीही भारी असलं तरी हा निर्णय घेणारं बटण त्यावर नसतं.