डोरोथियानं मागितलेली ऊब

२८ मार्च १८४१, रविवार. बोस्टनजवळच्या ईस्ट केंब्रिजच्या तुरुंगात बायका-कैद्यांना धर्माचे धडे द्यायला डोरोथिया डिक्स गेली. वय ३८, अविवाहित शिक्षिका, तब्येत तोळामासा. आईबापाच्या घरी सुख नाही म्हणून बाराव्या वर्षीच आजीकडे आलेली. त्या तुरुंगात तिला वेड लागलेल्या बायका दिसल्या. गुन्हा काहीच नाही, फक्त ठेवायला दुसरी जागा नाही! कोठडीत शेगडीसुद्धा नव्हती. का, तर वेड्यांना म्हणे थंडी कळत नाही. ती कोर्टापर्यंत गेली आणि त्यांना ऊब मिळवून दिली.

पुढची दोन वर्षं ती मॅसॅच्युसेट्समधले तुरुंग आणि गरीबखाने हिंडली. पिंजऱ्यात, तळघरात साखळदंडानं बांधलेली माणसं पाहिली. काही गावांत तर निराधारांचा उलटा लिलाव व्हायचा. सांभाळायचे कमीत कमी पैसे जो मागेल, त्याच्या घरी माणूस द्यायचा. ऐकूनच कसंतरी होतं ना? १८४३ साली तिनं विधिमंडळाला सविस्तर अर्ज लिहिला. बाईनं तिथे उभं राहून बोलायची रीत नव्हती, म्हणून तो पुरुषाकरवी मांडला गेला. वूस्टरचं मनोरुग्णालय वाढवलं गेलं. मग एकेक राज्य घेत ती फिरतच राहिली. केंद्र सरकारच्या जमिनीतून मनोरुग्णांसाठी पैसा उभा करायचं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, पण १८५४ साली राष्ट्राध्यक्ष पिअर्स यांनी ते अडवलं.

पण बाई म्हणून मला दुसरीच गोष्ट टोचते. इलिनॉयमधलं जॅक्सनव्हिलचं इस्पितळ तिच्याच खटपटीतून झालं. त्या राज्याच्या कायद्यानं नवऱ्याला वेडाचा पुरावा न देता बायकोला तिथे टाकता यायचं. १८६० साली एलिझाबेथ पॅकार्ड या सहा मुलांच्या आईला तिच्या पाद्री नवऱ्यानं असंच टाकलं. धर्माबद्दलची मतं जुळत नव्हती, एवढंच! तीन वर्षं ती आत होती. १८६४ मध्ये ज्यूरीनं सात मिनिटांत तिला शहाणी ठरवलं. तिच्याच लढ्यातून १८६७ साली कायदा झाला, की ज्यूरीपुढे सुनावणी झाल्याशिवाय कुणाला कोंडायचं नाही. डोरोथियाला छप्पर आणि ऊब दिसली, दाराला बाहेरून कडी कोण घालतंय हे तिनं फारसं पाहिलं नाही, असं मला वाटतं.

नंतर ही इस्पितळं खच्चून भरली आणि १९५५ नंतर रिकामी होत गेली. बाहेर आलेल्यांची घराची, औषधाची सोय मात्र पुरती झालीच नाही. कित्येकजण फुटपाथवर आले, काही पुन्हा तुरुंगात. आपल्याकडच्या २०१७ च्या कायद्यात भटकणाऱ्या मनोरुग्णाला पोलिसांनी चोवीस तासांत सरकारी दवाखान्यात न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही, असं आहे.

डोरोथियानं लग्न केलं नाही, स्वतःचं घरही मांडलं नाही. १८८१ साली थकल्यावर ती न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या, तिनंच उभं करवलेल्या मनोरुग्णालयात राहायला आली. तिथेच दिलेल्या खोल्यांत १८८७ च्या जुलैमध्ये ती गेली.