उघडं दार : पंडिता रमाबाईंची आठवण

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा आपल्या समितीचा आग्रह झाला. सोसायटीच्या हिशेबापलीकडे मी कधी फारसं लिहिलेलं नाही. पण पुणे-दौंड लोहमार्गावर केडगाव स्टेशन आलं की मला एका बाईंची आठवण होते. त्यांच्याविषयीच लिहितो.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकांना संस्कृत शिकवू नये असा तो काळ, पण शास्त्रीबुवांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवलं आणि लक्ष्मीबाईंनी रमेला. हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराण सांगत देशभर फिरायचं. पुढे दुष्काळात घरातलं होतं नव्हतं ते संपलं. आई, वडील, मोठी बहीण, सगळी उपासमारीनं आणि आजारानं गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा. मनोरमा ही मुलगी झाली आणि १८८२ मध्ये पतीही पटकीनं गेले. तेवीस वर्षांची विधवा तान्ही पोर घेऊन पुण्यात आली. रडत बसली नाही, आर्य महिला समाज काढला.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण ऐकू कमी येऊ लागल्यानं तो बेत सोडावा लागला. वाँटेज इथल्या जोगिणींच्या मठात त्या राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इकडे पुण्यात गहजब झाला. पण तिकडेही सगळं सुरळीत नव्हतं, हे आपल्याला फारसं ठाऊक नसतं. मठातल्या वडीलधाऱ्या सांगतील ते सगळं त्यांनी निमूट मानलं नाही. पटेल तेच स्वीकारलं, शाकाहार शेवटपर्यंत सोडला नाही. देवाची आज्ञा पाळणं म्हणजे माणसांच्या हुकुमाखाली राहणं नव्हे, हा फरक त्यांना स्पष्ट दिसत होता.

तिथून त्या अमेरिकेला गेल्या, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर पुस्तक लिहिलं, व्याख्यानं देऊन निधी जमवला आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केलं. पुढच्याच वर्षी ते पुण्याला आलं. विधवांना राहायला जागा, शिक्षण आणि धर्माच्या बाबतीत सक्ती नाही, असा शब्द होता. याच सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला.

खरी कसोटी त्याच वर्षी लागली. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. 'केसरी'नं टीकेची झोड उठवली, रानडे-भांडारकरांसारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडलं, पालकांनी मुली काढून नेल्या. दार लावून घेतलं असतं तर बरंचसं मिटलं असतं. त्यांनी लावलं नाही. दिलेल्या शब्दाबद्दल टीकाकारांचा आक्षेप अगदीच बिनबुडाचा होता असं मी म्हणणार नाही. कोवळ्या, आश्रित मुलींवर बाईंच्या वागण्याचा प्रभाव पडणारच. पण स्वतःची श्रद्धा लपवून जगणं त्यांना खोटं वाटत होतं आणि त्याची किंमत त्यांनी मोजली, हेही तितकंच खरं.

१८९६-९७ चा दुष्काळ आला तशा त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या. उपाशी मुलींमध्ये त्यांना आपलंच बालपण दिसलं असणार. शेकडो मुली आणल्या. पुण्यात प्लेग होता, म्हणून केडगावच्या माळावर त्यांना नेलं. तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छापखाना, अंध मुलींचं शिक्षण, सगळं तिथे होतं. काम बायकांच्याच हातात.

उतारवयात त्यांनी आणखी एक काम अंगावर घेतलं. खेड्यातल्या साध्या बाईला वाचता यावं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणायचं. कित्येक वर्षं त्या खपल्या. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. संस्था जिच्या हाती सोपवायची तीच आधी गेली. तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या.

मी नोकरीत चाळीस वर्षं जमा-नावे बघितली. या बाईंच्या खात्यात नावेच्या बाजूला आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा, लेक, समाजाची मर्जी, सगळंच दिसतं. जमेला हजारो अनाथ मुलींची आयुष्यं. आपण कोणत्याही धर्माचे असू, देवाची सेवा करतो असं म्हणताना तो हिशेब एकदा डोळ्यांखालून घालावा. केडगावचं मुक्ती मिशन आजही चालू आहे. पंचवीस वर्षांत आपल्या इमारतीत दारं भक्कम झाली, सेफ्टी डोअरही लागली. ती असावीतच. पण शेजारची बेल वाजली तर उघडायची सवय मात्र जाऊ नये.