गाडगेबाबा : एक निराळा वक्ता

गेल्या वर्षी एका वक्तृत्वस्पर्धेत मी तिसऱ्या मिनिटाला थांबले. भाषण पाठ होते. पण एक वाक्य निसटले आणि बाकीची सारी त्याच्यामागे निघून गेली. आमच्या सालेकसा परिसरात कुणाच्या घरी पोवारी, कुणाकडे गोंडी, बाजारात हिंदी. पोवारी बोलणाऱ्या माझ्या तोंडी ते पुस्तकी मराठी उसने वाटत होते. परीक्षकांनी नेमके उच्चारांवर बोट ठेवले. घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. व्यासपीठ आपले नव्हेच, असे मनाने घेतले. त्याच सुटीत गाडगेबाबांचे चरित्र हाती पडले.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी एका परीट कुटुंबात झाला. वडील दारूपायी लवकर गेले. मामाच्या घरी, दापुऱ्याला, डेबूने गुरे राखली, नांगर धरला. शाळा त्याच्या वाट्याला आली नाही. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती खराटा आणि एक गाडगे.

मित्रांनो, सभेत बोलण्याचे प्रकार किती! पाठ केलेले भाषण, टिपणांवरून दिलेले व्याख्यान, पोथी समोर ठेवून सांगितलेले प्रवचन, पूर्वरंग-उत्तररंगात बांधलेले हरिदासी कीर्तन. बाबांच्या बोलण्यालाही लोक कीर्तनच म्हणत, पण ती चौकट त्यांनी मानली नाही. दिवसा ते गाव झाडीत आणि रात्री त्याच गावापुढे उभे राहत. प्रस्तावना खराट्यानेच होऊन गेलेली असे! मग वऱ्हाडीत साधे साधे प्रश्न : देवापुढे बकरे कापावे काय, कर्ज काढून सण करावा काय, पोराला शाळेत घालावे की नाही. लोक एका सुरात उत्तर देत आणि आपल्याच उत्तरात सापडत. कारण घरी ते नेमके उलट वागत असत. अर्धे भाषण श्रोत्यांच्याच तोंडी, मग वाक्य विसरण्याचे भय कसले?

१९२३ साली खारेपाटणला कीर्तन रंगात आले असताना मुलगा गोविंदा गेल्याची बातमी आली. बाबांनी कीर्तन थांबविले नाही. हे धैर्य की कठोरपणा, ते मला अजून ठरविता आलेले नाही.

ह्या कीर्तनांच्या बळावर धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी पुढे डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी, त्यांचे देहावसान झाले.

त्याआधी महिनाभर, नोव्हेंबरात, वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालेल्या त्यांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण आज ऐकावयास मिळते. मी ते मोबाइलवर आजीला ऐकविले. पुढाऱ्यांची भाषणे चालू असली की ती निमूट तांदूळ निवडीत बसते. ह्या वेळी मात्र बाबांचा प्रश्न आला, आणि सूप बाजूला ठेवून तिने उत्तर दिले. मोठ्याने, आणि पोवारीत.