चाळीस प्रती काढणारा माणूस: हेंड्रिक वेर्कमन

आपण प्रिंटरला चाळीस प्रती काढायला सांगतो, तेव्हा चाळिसावी अगदी पहिलीसारखीच हवी असते. वेगळी आली तर तक्रार करतो. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहरातल्या हेंड्रिक वेर्कमनला मात्र वेगळी आलेलीच आवडायची.

जन्म १८८२ चा. आधी पत्रकारिता, मग १९०८ मध्ये स्वतःचा छापखाना. तो चांगला वाढला, वीसहून जास्त कामगार होते, पण १९२३ मध्ये धंदा बुडाला. उरलेलं हातमशीन आणि खिळे घेऊन वेर्कमन एका गोदामाच्या माळ्यावर गेला. वय एक्केचाळीस. पोटासाठी किरकोळ छपाई चालूच होती, पण त्याच वर्षी या गृहस्थाने ‘द नेक्स्ट कॉल’ नावाचं नियतकालिक काढलं! १९२६ पर्यंत नऊ अंक, प्रत्येकी साधारण चाळीस प्रती. मजकूर, जुळणी, छपाई सगळं स्वतःच. हे अंक मित्रांना आणि परदेशातल्या कलावंतांना जायचे.

आता त्याचं तंत्र बघू. नेहमीच्या छपाईत खिळे खाली असतात, त्यांना शाई लावून वरून कागद दाबतात. वेर्कमनने बऱ्याच चित्रांसाठी हे उलटं केलं. कागद खाली ठेवायचा आणि शाई लावलेला खिळा वरून दाबायचा, ऑफिसात शिक्का मारतो तसा. ‘ओ’ हे अक्षर त्याच्यासाठी नुसतं एक वर्तुळ. पहिल्या अंकात तर त्याने दाराच्या कुलपाची पट्टीच शाई लावून छापली. म्हणजे आपण कोड लिहायचा सोडून कीबोर्डच कागदावर उमटवावा, तसं काहीसं. पुढे तो शाईचा रूळ थेट कागदावर फिरवू लागला, कापलेल्या कागदाचे स्टेन्सिल वापरू लागला. त्यामुळे कुठलीच प्रत दुसरीसारखी नाही.

१९४० मध्ये जर्मन सैन्य आलं. तीन मित्रांसोबत वेर्कमनने ‘निळी नाव’ या अर्थाच्या डच नावाने छोटी पुस्तकं काढायला सुरुवात केली. १९४४ पर्यंत चाळीस प्रकाशनं झाली. देशातल्या ज्यूंना छळछावण्यांत पाठवलं जात होतं, त्याच काळात त्याने ज्यूंच्या हसीदी दंतकथांवर वीस रंगीत चित्रं छापली. किती धोका होता, हे वेगळं सांगायला नको.

१३ मार्च १९४५ ला त्याला अटक झाली, घरातली कामंही जप्त झाली. १० एप्रिलला आणखी नऊ जणांसोबत त्याला गोळ्या घातल्या. १६ एप्रिलला ग्रोनिंगेन मुक्त झालं, पण त्या लढाईतल्या आगीत जप्त केलेली कामं जळाली. मित्रांकडे पोचलेली वाचली. त्याच वर्षी अ‍ॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक म्युझियममध्ये त्याचं प्रदर्शन भरलं.