तराजूची साक्ष

आमच्या पेठेंतील व्यापारी रात्रीं जमाखर्चाचा मेळ पाहिल्यावांचून वही मिटीत नाहीं. मेळ बसला नाहीं, तर चूक हिशेबांत आहे असें समजून तो ती शोधूं लागतो. हाच नियम सृष्टीच्या घडामोडींस लावून ज्यानें रसायनशास्त्राचा कायापालट केला, त्या आंत्वान लाव्हाझिये या फ्रेंच शास्त्रज्ञाचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवितों.

त्याचा जन्म पॅरिस शहरीं २६ ऑगस्ट १७४३ रोजीं झाला. शिक्षण वकिलीचें, परंतु ओढा सृष्टिशास्त्राकडे. १७६८ सालीं तो तेथील शास्त्रपरिषदेचा सभासद झाला, आणि त्याच सालीं राजाचे कर मक्त्यानें वसूल करणाऱ्या मंडळींत त्यानें भागी घेतली. १७७१ सालीं मारी-आन हिच्याशीं त्याचा विवाह झाला. ही बाई पुढें इंग्रजी शिकली, तिनें पतीसाठीं शास्त्रीय ग्रंथांचीं भाषांतरें केलीं व त्याच्या उपकरणांचीं चित्रें काढलीं. स्त्रीच्या विद्येनें संसाराची हानि होते असें समजणारांनीं हें घर अवश्य पाहावें.

त्या काळीं विद्वानांची समजूत अशी होती कीं, जळणाऱ्या पदार्थांत फ्लोजिस्टन नांवाचें द्रव्य असतें व तें निघून जाणें म्हणजेच जळणें. परंतु धातूचें भस्म झालें असतां वजन घटण्याऐवजीं वाढतें. मत सोडवेना म्हणून कित्येकांनीं त्या द्रव्यास उणें वजन असतें, असेंही सांगून पाहिलें! लाव्हाझियेनें तराजूस साक्षीस बोलाविलें. कोंडलेल्या हवेंत त्यानें पारा बारा दिवस तापविला. पाऱ्यावर तांबडें भस्म जमलें व हवा सुमारें एक षष्ठांश घटली. तें ४५ ग्रेन भस्म अधिक आंचेवर तापवितांच ४१॥ ग्रेन पारा परत मिळाला, आणि घटली होती तितकीच हवा मोकळी झाली. हाच प्राणवायु. तो प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञानें आधींच मिळविला होता व १७७४ सालीं त्याची हकीकत लाव्हाझियेस सांगितली होती. त्याचें श्रेय लाव्हाझियेनें मोकळ्या मनानें दिलें नाहीं, हा दोष आम्हीं झांकणें योग्य नव्हे.

पाणी हें मूलतत्त्व, अशी फार प्राचीन समजूत होती. १७८५ सालीं तापलेल्या लोखंडी नळींतून वाफ नेऊन त्यानें पाणी फोडून दाखविलें. प्राणवायु लोखंडास चिकटला, हायड्रोजन बाहेर पडला. आणि हे दोन वायु जाळून त्यानें पाणी पुनः घडविलें. १७८९ सालच्या ग्रंथांत त्यानें ३३ मूलद्रव्यें दिलीं. जें अद्याप फोडतां आलें नाहीं तें मूलद्रव्य, इतकेंच त्याचें म्हणणें होतें. त्या यादींत प्रकाश व उष्णता हींही होतीं. तीं पुढें गळलीं, परंतु कसोटी टिकली.

राज्यक्रांतींत करमक्तेदारांवर खटला झाला. लोकांचा राग निराधार नव्हता. परंतु ८ मे १७९४ रोजीं सासऱ्यासह २८ असामींचा शिरच्छेद एकाच दिवशीं झाला, आणि प्रत्येकाचा अपराध वेगळा तोलून पाहण्यास कोणास सवड झाली नाहीं. ज्यानें जन्मभर एक ग्रेनही न तोलतां सोडला नाहीं, त्याच्या वांट्यास न तोललेला न्याय यावा, हें दुर्दैव होय. तराजू दुकानांतच नव्हे, तर मतांच्या व न्यायाच्या बाजारांतही लागतो, हें आम्हीं त्याच्या चरित्रावरून शिकावें.