खजुरांचे कोडे आणि इब्न अल-हैसम

इफ्तारनंतर मुलांना हे कोडे घालून बघा. टोपलीत काही खजूर आहेत. दोन-दोन काढले तर शेवटी एक उरतो. तीन-तीन, चार-चार, पाच-पाच, सहा-सहा काढले तरी एकच उरतो. पण सात-सात काढले की टोपली रिकामी! तर खजूर किती?

खजूर आमचे, पण कोडे हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैसम यांनी सोडवलेले.

त्यांचा जन्म इ.स. ९६५ च्या सुमारास इराकमधील बसरा शहरात झाला. प्रकाश आणि दृष्टी यांवरच्या ‘किताब अल-मनाझिर’मुळे जग त्यांना ओळखते. पण हिशेबाच्या या माणसाचा एक हिशेब चांगलाच चुकला.

तेराव्या शतकातले चरित्रकार इब्न अल-किफ्ती ही हकीकत सांगतात. नाईल नदीच्या पाण्याला आवर घालता येईल, असा इब्न अल-हैसम यांचा दावा होता. तो मिसरचे फातिमी खलिफा अल-हाकिम यांच्या कानी गेला आणि त्यांना बोलावणे आले. माणसे घेऊन ते अस्वानच्या दिशेने निघाले. वाटेत प्राचीन मिसरी लोकांची भव्य बांधकामे दिसली आणि त्यांच्या मनात चलबिचल सुरू झाली. हे काम होण्यासारखे असते तर इतक्या हुशार लोकांनी ते कधीच केले नसते का? नदी पाहून खात्री पटली. परत येऊन त्यांनी चूक कबूल केली.

खलिफांनी त्यांना नोकरी दिली, पण मर्जी कधी फिरेल याचा नेम नव्हता. जीव वाचवायला त्यांनी वेडाचे सोंग घेतले. त्यांना घरातच कोंडून ठेवले गेले. १०२१ मध्ये अल-हाकिम यांची सत्ता संपली आणि यांचे ‘वेड’ही गेले! पुढे अल-अझहरजवळ राहून, गणिताच्या ग्रंथांच्या नकला करून त्यांनी पोट भरले. १०४० च्या सुमारास त्यांचे निधन झाले.

आता कोडे. त्यांची युक्ती बघा: १ ते ६ आकड्यांचा गुणाकार ७२०. त्यात १ मिळवा, ७२१. सातने भागून बघा, बाकी शून्य. सातच्या जागी कोणतीही मूळ संख्या घ्या, त्याआधीच्या सगळ्या आकड्यांचा गुणाकार करून १ मिळवा, भाग जातोच. युरोपात हा नियम अठराव्या शतकात विल्सन यांच्या नावाने प्रसिद्ध झाला.

पण ७२१ हे सर्वांत लहान उत्तर नाही. ६० च्या पाढ्यात एक-एक मिळवत जा: ६१, १२१, १८१, २४१, ३०१. सातने भाग जातो तो ३०१ लाच. पुढे दर ४२० नंतर नवे उत्तर.

मुलांनी आधी चुकीचे उत्तर दिले तर रागावू नका. इब्न अल-हैसमही चुकले होते.